बदललेली सीट आणि विझवलेला दिवा

आम्ही चार घरांतले पालक मिळून हे लिहीत आहोत. आमची मुले हिंदवाडी आणि वडगावच्या बाजूने शाळेला येतात, आणि गेली दोन वर्षे आम्ही त्यांना पाळीपाळीने मोटारीतून सोडतो. वार वाटून घेतले आहेत. पेट्रोल वाचते, फाटकापुढची गर्दी थोडी कमी होते, आणि मुलांची गट्टी जमते ती वेगळीच. चार मुलांपैकी तिघे मागे आणि एक पुढे. पुढे कोणी बसायचे यावरून रोज भांडण, म्हणून त्याचीही पाळी लावून दिलेली. ही सारी पद्धत चांगली आहे आणि ती चालू राहावी असेच आम्हाला वाटते. पण गेल्या पावसाळ्यात जे घडले ते इतर पालकांना, विश्वस्तांना आणि मुलांनाही सांगितल्यावाचून आम्हाला राहवत नाही.

त्या दिवशी आमच्यापैकी ज्या घराची पाळी होती, त्यांच्या गाडीत पुढे बसलेल्या आठवीतल्या मुलाच्या हातून कंपासपेटी निसटली आणि सीटखाली गेली. त्याने वाकून, हात घालून चाचपली. पेटी हाती लागली, पण तिच्याबरोबर एक वायरही ओढली गेली. त्याच क्षणी डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागला: बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोल फुगा, असे चित्र. मुलाने विचारले, "काका, हा फुगेवाल्या माणसाचा दिवा कसला?" काकांनी उत्तर दिले नाही. शाळा आली, मुले उतरली. दुपारी त्यांनी आम्हा बाकी तिघा घरांना फोन केला आणि संध्याकाळी चहाला बोलावून सगळे सांगितले. त्यांच्याच संमतीने ते इथे लिहीत आहोत. किंबहुना लिहा असा आग्रह त्यांचाच.

हकिकत अशी. त्यांना मणक्याचा जुना त्रास आहे. कामासाठी उद्यमबाग आणि आठवड्यातून एकदा कोल्हापूर अशी त्यांची ये-जा असते. गाडीची मूळ सीट त्यांच्या कमरेला मानवत नव्हती. दीड वर्षापूर्वी एका कुशनवाल्याने त्यांना दुसऱ्या एका महागड्या गाडीतून काढलेल्या पुढच्या दोन सीटा दाखवल्या. चामड्याच्या, कमरेला आधार कमी-जास्त करता येणाऱ्या, दिसायला झकास. किंमत दोन्हींची मिळून अठरा हजार. सीटांचे पाय या गाडीच्या भोकांवर बसेनात, तेव्हा कुशनवाल्याने लोखंडी पट्ट्या कापून वेल्डिंग मारले आणि बसवून दिले. चावी फिरवली तर हा फुग्याचा दिवा लागला आणि विझेचना. "लाईटचं मी बघतो की साहेब, तुम्ही निवांत जावा," असे म्हणून त्याने अर्ध्या तासात दिवा घालवला. साहेब निवांत गेले. कमरेला आराम पडला, हे खरेच. त्या सीटांवर आमची मुले दीड वर्ष बसली.

दिवा कसा घालवला होता, हे दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये कळले. सीटखाली पिवळ्या रंगाचा एक जोड असतो. त्या जोडात काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला बोटाच्या पेराएवढा एक रेझिस्टर खुपसलेला होता. एक या सीटखाली, एक त्या. कंपासपेटीबरोबर ओढली गेलेली वायर हीच.

दहावीच्या मुलांना ओहमचा नियम शिकवलेला आहे, तेव्हा हे कोडे त्यांना आमच्याहून लवकर सुटेल. एअरबॅग फुगवणारी जी कुपी असते, तिच्यात एक बारीक तार बसवलेली असते. अपघाताच्या क्षणी तिच्यातून वीज सोडली की ती तापते, रसायन पेटते, वायू सुटतो आणि पिशवी भरते. या तारेचा रोध फार थोडा, सर्वसाधारणपणे दोन-तीन ओहम. गाडीतला एअरबॅगचा संगणक चावी फिरवताच आणि नंतरही सतत प्रत्येक तारेतून अगदी क्षीण प्रवाह सोडून हा रोध तपासत राहतो. रोध अपेक्षेइतका आला, म्हणजे तार जागेवर आहे असे तो समजतो. तार तुटली, जोड सुटला की रोध बदलतो आणि दिवा लागतो. आता त्या जागी तेवढ्याच ओहमचा चार आण्याचा रेझिस्टर लावला तर? संगणकाला वाटते, सगळे क्षेमकुशल आहे. बाजूने गाडी येऊन धडकली की तो इमानेइतबारे हुकूम सोडणार, वीज त्या रेझिस्टरपर्यंत जाणार, आणि तिथेच संपणार.

त्या चामड्याच्या सीटांच्या आत काय होते, तेही पाहिले. दाराकडच्या बाजूला पाठीच्या गादीत एअरबॅग होती, पण ती केव्हाच उडून गेलेली. म्हणजे ती महागडी गाडी मुळातच अपघातात सापडलेली. फाटलेली शिवण नव्या दोऱ्याने सफाईने शिवून टाकली होती आणि आत रिकामी पिशवी घडी करून कोंबली होती. शिवण इतकी सुबक होती की वर्कशॉपमधल्या कारागिरानेही कौतुक केले. कौतुकाची वेळ नव्हती, पण कसब ते कसब.

एका घराने केलेल्या चुकीचा एवढा पाढा कशाला वाचायचा, असे कोणी म्हणेल. आम्हाला मुद्दा त्या घराचा नाही. मोटारीची सीट ही आता खुर्ची राहिलेली नाही, आणि हे आपल्यापैकी बहुतेकांना कोणी सांगितलेलेच नाही, हा मुद्दा आहे. आमच्या लहानपणी जीप नाहीतर अँबॅसिडर दारात आली की पहिले काम म्हणजे कुशनवाल्याकडे नेणे. नवे रेक्झिन, जाड फोम, पाठीला टॉवेल. त्यात काही बिघडत नव्हते, कारण त्या सीटला चार बोल्ट आणि स्प्रिंगा यापलीकडे काही नव्हते. तीच सवय आपण आजच्या गाड्यांना लावतो आहोत. आजच्या सीटमध्ये बाजूची एअरबॅग असते, शेजारी कोणी बसले आहे की नाही हे ओळखणारी चटई गादीखाली असते, पट्ट्याचे बक्कल लागले का हे पाहणारी कळ असते, आणि काही गाड्यांत सीट किती पुढे सरकवली आहे हेही मोजले जाते. बऱ्याच गाड्यांत बक्कल सीटच्या सांगाड्यालाच बोल्टने बसवलेले असते. साठ किलोचा माणूस वेगातली गाडी एकाएकी थांबताना क्षणभर तीसपट भाराने पट्ट्यावर येऊ शकतो. हा भार अठराशे किलोच्या घरात जातो. तो सगळा भार कुशनवाल्याने वेल्ड केलेल्या त्या पट्टीवर. एअरबॅगचे राहू द्या, या पट्टीचा विचार मनात आला की आम्हाला अजून झोप लागत नाही.

सीटला ही बुद्धी का द्यावी लागली, याचा इतिहास मुलांनी ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात पुढच्या एअरबॅगा सर्रास आल्या. त्या इतक्या जोराने उघडत की पट्टा न लावलेला धिप्पाड माणूसही अडवला जावा. जीव पुष्कळ वाचले, पण साध्या, कमी वेगाच्या धडकेत पुढे बसलेली लहान मुले आणि डॅशबोर्डला खेटून बसणारी ठेंगणी माणसे त्या पिशवीच्याच तडाख्याने मेली. १९९० ते २००८ या काळात असे २९० हून अधिक मृत्यू तिथे मोजले गेले, आणि त्यांतल्या बहुतेकांनी पट्टा लावलेला नव्हता किंवा नीट लावलेला नव्हता. म्हणून तिथल्या सरकारने नियम बदलले आणि २००३ ते २००६ या काळात टप्प्याटप्प्याने नव्या गाड्यांत सीटवर कोण बसले आहे याचा अंदाज घेणारी यंत्रणा आली. सीट जणू वजनकाटा झाली. लहान मूल आहे असे दिसले तर पुढची एअरबॅग बंद, मोठा माणूस असेल तर चालू. या काट्याचा फोम, कापड, चटई आणि संगणक कारखान्यात एकत्र जुळवलेले असतात. वरून जाड गादी घातली तरी माप चुकू शकते.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एवढा शहाणा काटा नाही, हे लक्षात घ्या. इथे सीटमधली चटई पुष्कळदा फक्त पट्ट्याची आठवण करून देण्यापुरती असते. पुढे आठवीतले मूल आहे की पहिलवान, हे गाडीला कळत नाही. एअरबॅग दोघांसाठी सारख्याच जोराने उघडते. त्यामुळे इथे पट्टा आणि त्याची आठवण करणारा आवाज यांचे महत्त्व अधिकच. आमच्या त्या गाडीत नव्या सीटला ती चटई जोडलेलीच नव्हती. गाडीच्या लेखी पुढची सीट कायम रिकामी. दीड वर्षात तो 'टिंग टिंग' आवाज एकदाही झाला नाही आणि पुढे बसणाऱ्या मुलांनी पट्टा किती वेळा लावला, हे त्यांनाच ठाऊक. आम्ही घरी विचारले तेव्हा चौघेही एकमेकांकडे बघायला लागले.

आवाज बंद करण्याची हौस आपल्याकडे केवढी आहे, याचा दाखला फार लांबचा नाही. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना चालकासाठी एअरबॅग आणि पुढच्या दोन्ही सीटांसाठी पट्ट्याची आठवण करणारी यंत्रणा सक्तीची झाली. शेजारच्या सीटसाठी एअरबॅग नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना ३१ डिसेंबर २०२१ पासून सक्तीची झाली. आणि त्याच सुमारास बाजारात बक्कलमध्ये खोचायच्या नुसत्या पट्ट्या धडाक्याने विकल्या जात होत्या, आवाज थांबावा म्हणून! ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर या विषयावर पुष्कळ बोलले गेले. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांना अशा खोट्या बकला विक्रीतून काढायला लावल्या. तेरा हजारांहून अधिक जाहिराती काढल्या गेल्या. आता ज्या वस्तूच्या तेरा हजार जाहिराती होत्या, ती विकत घेणारे कोण होते? आपल्यासारखेच लोक. आमच्या चार घरांतल्या आणखी एका गाडीत अशी खोटी बक्कल निघाली, हेही इथेच कबूल करून टाकतो. ती आता कचऱ्यात गेली आहे.

आपण सीट न बदलताही हेच करतो. नवी गाडी आली की पहिल्या रविवारी सीट कव्हर. सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल तर पाठीच्या कडेला कापडी चिठ्ठी शिवलेली असते किंवा अक्षरे उमटवलेली असतात. त्या कडेची शिवण मुद्दाम कच्ची ठेवलेली असते, कारण पिशवी तिथूनच फाडून बाहेर यायची असते. समोरच्या धडकेत बॉनेट चुरगळेपर्यंत थोडा तरी अवधी मिळतो, पुढची एअरबॅग साधारण तीस ते पन्नास मिलिसेकंदांत भरते. बाजूच्या धडकेत दार आणि बरगड्या यांच्यात वीतभरच जागा, म्हणून बाजूच्या पिशवीला त्याहून निम्म्या वेळात काम उरकावे लागते. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. अशा वेळी तिच्या वाटेत दुहेरी शिवणीचे जाड रेक्झिन आडवे आले, तर ती कुठे आणि कशी फुटेल याचा भरवसा नाही. बाजूला मोकळी जागा किंवा कच्ची शिवण ठेवलेली कव्हरे मिळतात. तीच मागावीत, नाहीतर सीट उघडी ठेवावी. डाग पडले तर पडोत.

तीच गोष्ट डॅशबोर्डवरच्या गणपतीची. देव गाडीत असावाच, त्याबद्दल आमचे दुमत नाही. पण शेजारच्या सीटसमोर जिथे एअरबॅगचे झाकण असते, तिथे मूर्ती चिकटवली तर ते झाकण उघडताना ती गोळीसारखी मागे येणार. मूर्ती मधोमध, झाकणापासून दूर आणि हलकी असावी. तसेच पुढे लावायच्या लोखंडी गार्डचे. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून त्यांच्यावर कारवाई करायला सांगितले. गार्डमुळे धक्क्याचा जोर भलतीकडे वळतो आणि सेन्सरचा हिशेब चुकू शकतो, हे त्यातले एक कारण. तरी खानापूर रस्त्यावर उभे राहून मोजा, किती गार्ड दिसतात ते.

आता दुसरी बाजू. आमच्या त्या संध्याकाळच्या चहाला सगळे एकमताचे नव्हते. एक जण म्हणाले, "आपण ओमनीत आठ-आठ जण कोंबून चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला गेलो, तेव्हा कुठे होत्या एअरबॅगा?" दुसरे म्हणाले, मणक्याचा त्रास ही काही हौस नव्हे, माणसाला बसताच आले नाही तर तो गाडी चालवणार कशी? पहिल्या म्हणण्याला आमच्याकडे एकच उत्तर आहे. तेव्हा गाडीने काही वचन दिले नव्हते. आज ती चावी फिरवताच सहा-सात सेकंद दिवा दाखवते आणि मग विझवून सांगते की मी तयार आहे. रेझिस्टर लावलेली गाडी तेच सांगते आणि ते खोटे असते. ते खोटे आपल्या एकट्याच्या जिवापुरते असते, तर एक वेळ ज्याचा तो जाणे. शेजारच्या घराचे मूल त्या सीटवर बसते, तेव्हा तो प्रश्न आपला एकट्याचा उरत नाही. शेजाऱ्याने आपल्या गाडीतला विझलेला दिवा पाहूनच मूल पाठवलेले असते.

दुसरे म्हणणे आम्हाला पटते. म्हणून सीट बदलूच नये असे आम्ही म्हणत नाही. कमरेसाठी बारीक, बाजू न झाकणारी उशी पुष्कळदा पुरते, आणि आमच्या त्या पालकांनाही डॉक्टरांनी शेवटी तीच सुचवली. फोम बदलायचा असेल तर गाडीच्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला विचारूनच. सीटच बदलायची झाली तर त्याच मॉडेलची, त्याच वर्षांच्या सुमाराची, तेच जोड असलेली घ्यावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत कोल्हापूर-सांगलीकडे आणि आपल्याही जिल्ह्यात पूर आला, किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिले. अशा गाडीतली सीट सुकवून, नवे कापड चढवून समोर आली तर ती फुकटही घेऊ नये. आतल्या जोडांना गंज लागलेला असतो आणि तो वरून दिसत नाही.

हे काम अंगणात करण्याचे नाही, हेही सांगितले पाहिजे, कारण यंत्राची आवड असलेली मुले आणि बाबा आपल्याकडे पुष्कळ आहेत. बेळगाव म्हणजे लेथ आणि फाउंड्रीचे गाव. हात शिवशिवणारच. पण एअरबॅगच्या संगणकात वीज साठवून ठेवलेली असते, धडकेत बॅटरीची वायर तुटली तरी पिशवी फुगावी म्हणून. त्यामुळे बॅटरीची ऋण वायर काढल्यावरही गाडीच्या पुस्तकात सांगितली असतील तितकी मिनिटे थांबूनच पिवळ्या जोडाला हात लावायचा असतो. जोड सुटा असताना चावी फिरवली की दोष संगणकात नोंदला जातो आणि मग जोड पुन्हा लावला तरी अनेक गाड्यांत दिवा विझत नाही. तो नोंदलेला दोष स्कॅनर लावूनच पुसावा लागतो. बाजारात मिळणारा स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनाचे दोष वाचतो, एअरबॅगचे वाचत नाही. आणि साधा मल्टिमीटर त्या कुपीला लावून रोध मोजण्याचा मोह तर कोणीही करू नये. मीटरची स्वतःची वीज त्या तारेतून जाते, आणि तेवढ्यानेही पिशवी फुटू शकते. दहावीच्या प्रयोगवहीत बसणारा हा प्रयोग नव्हे.

दिवा लागलेला असताना नेमके काय बंद असते, असे आम्ही वर्कशॉपमध्ये विचारले. उत्तर असे की ते गाडीगणिक वेगळे. एखाद्या गाडीत तेवढीच एक पिशवी बंद राहते, एखादीत सगळीच यंत्रणा हात वर करते. बाहेरून कळायला मार्ग नाही. तेव्हा दिवा लागलेली गाडी म्हणजे एअरबॅग नसलेली गाडी, असे धरूनच चालावे आणि दुरुस्त होईपर्यंत दुसऱ्यांची मुले तिच्यात घेऊ नयेत.

त्या हकिकतीतला सगळ्यांत अंगावर येणारा भाग शेवटी कळला. मूळ सीटा काढल्या त्या कुठे गेल्या? दोन महिने त्या घराच्या पडवीत होत्या. मुलांनी त्यांचा सोफा केला होता. आमची चारही मुले दिवाळीच्या सुट्टीत त्यावर उड्या मारत, पत्ते खेळत. त्या दोन्ही सीटांत न फुटलेली एअरबॅग आणि तिची स्फोटक कुपी शाबूत होती, आणि खालचा पिवळा जोड उघडा लोंबत होता. तो जोड बहुधा आतून आपोआप जोडून घेतो, म्हणून लहानसहान विजेने काही होत नाही, असे कारागिराने सांगितले. पण टॉर्चच्या सेलशी खेळणाऱ्या पोरांच्या घरात 'बहुधा' या शब्दावर आम्ही तरी विसंबणार नाही. पुढे त्या सीटा भंगारवाल्याला सहाशे रुपयांना दिल्या. आत काय आहे हे ना देणाऱ्याला ठाऊक, ना घेणाऱ्याला. भंगारवाल्याच्या दुकानात त्या गॅसने कापल्या गेल्या की कशा, याचा पत्ता लावायचा प्रयत्न केला, पण लागला नाही.

कायद्याचे दोन शब्द. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्यावाचून किंवा लहानांच्या खास आसनावाचून नेल्यास कायद्यात हजार रुपये दंड आहे. सीट बदलणे फेरबदलात कितपत बसते यावर वकील वाद घालत बसतील. विमा कंपनीचा माणूस अपघातानंतर सीटखाली वाकून बघेल तेव्हा मात्र वादाला फारशी जागा उरणार नाही. आणि अशी गाडी आपण पुढे विकली तर? घेणारा कोण असेल, त्याच्या घरी किती मुले असतील?

आता शाळेकडे मागणे. शाळेने आमच्या गाड्या तपासाव्यात असे आम्ही म्हणत नाही, ते तिचे काम नव्हे आणि शिक्षकांना आधीच कामे थोडी नाहीत. पण पुढच्या पालकसभेत अर्धा तास या विषयाला द्यावा, आणि एखाद्या जाणत्या कारागिराला बोलावून, मोडीतली का होईना, एक सीट उलगडून मुलांना दाखवावी. विज्ञानाच्या बाईंशी आम्ही बोललो, त्यांची तयारी आहे. ज्या व्हॅन आणि रिक्षा शाळेच्या मुलांची ने-आण करतात, त्यांच्या चालकांशी विश्वस्त वर्षारंभी बोलतातच. ज्या व्हॅनमध्ये एअरबॅग आहे तिच्या चालकाला चावी फिरवून दिवा दाखवायला सांगणे, त्याच बैठकीत होण्यासारखे आहे. पाच मिनिटांचे काम. आणि जे पालक आमच्यासारखे पाळीने मुले सोडतात, त्यांनी एकमेकांना आपल्या गाडीत काय बदलले आहे ते सांगावे. विचारणाऱ्याने संकोच करू नये आणि सांगणाऱ्याने रागावू नये. आमच्यात ते चहावर झाले, म्हणून निभावले.

मुलांनो, तुमच्यासाठी एकच काम. गाडीत बसलात की चावी फिरवताना पुढे बघा. फुगेवाल्या माणसाचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागून राहिला तरी सांगा, आणि मुळीच लागला नाही तरी सांगा, कारण काही महाभाग दिवाच काढून टाकतात. बारा-तेरा वर्षांच्या आतल्यांनी मागे बसायचे. पुढच्या सीटची पाळी आम्ही चारही घरांनी बंद केली आहे. यावरून आमच्यावर जो राग धरला गेला आहे, तो आम्हाला मान्य आहे.

त्या गाडीसाठी त्याच मॉडेलच्या दोन सीटा कंपनीकडे मागवल्या आहेत. किमतीचा आकडा ऐकून आम्ही सारेच गप्प झालो होतो. चामड्याच्या सीटांना अठरा हजार मोजले होते, त्याच्या पाचपटीहून अधिक. तिन्ही घरांनी वाटा उचलण्याची तयारी दाखवली, ती त्यांनी नाकारली. सीटा यायला अजून तीन आठवडे आहेत. वेल्डिंगच्या पट्ट्या काढून खालची भोके तपासून घ्यायची आहेत, आणि शेवटी स्कॅनर लावून दोष पुसायचा आहे. तोवर ती गाडी पाळीत नाही. तिचे मंगळवार आणि शुक्रवार बाकी तीन घरांनी वाटून घेतले आहेत, आणि काका मुलांना सोडायला दुसऱ्याच्या गाडीत, मागच्या सीटवर, पट्टा लावून येतात.